पाणी हे कारण नाही

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात दाराशीच अंगठ्याचं मशीन लावलंय. उशीर झाला की ते लाल होतं, आणि महिन्यात तीनदा लाल झालं की एक रजा गेली. यावरून रोज कुरकुर चालते. ज्यांची रजा कापली जाते ते माझ्याकडे बघून म्हणतात, तुला काय गं, तू तर मशीनच्याही आधी येतेस. खरंय, येते. त्यात माझा काही मोठेपणा नाही. उशीर होणार असं दिसलं की मी रिक्षा सोडून पळत सुटते, इतकंच. तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी, हे गणित मला मशीनने शिकवलेलं नाही. ते मी शाळेत शिकले, आणि शिकवणारी माझी सख्खी आई होती.

आई डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायची आणि मी त्याच शाळेत शिकायचे. हायस्कूल सकाळचं. सातला घंटा झाली की मोठं लोखंडी फाटक बंद व्हायचं. बाजूला एक छोटं दार होतं, पण ते शिक्षकांसाठी. बाहेर राहिलेल्या मुलांनी प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, सगळं रस्त्यावर उभं राहून ऐकायचं. ते झालं की फाटक उघडायचं, डायरीत उशिराचा लाल शिक्का बसायचा आणि मग वर्गात. असे तीन शिक्के झाले की एक दिवस गैरहजर. फाटकाची ड्यूटी खरं तर सगळ्या शिक्षकांनी आलटून पालटून करायची होती. पण बाकीच्यांना मुलांची दया यायची, त्यामुळे ती हळूहळू कायमची आईच्या गळ्यात पडली. पोरं तिला पाठीमागे फाटकबाई म्हणायची. मला ऐकू यायचं. मी ऐकलंच नाही असं दाखवायचे आणि पाण्याची बाटली उघडून उगाच दोन घोट प्यायचे.

तिच्यापुढे कारणं चालत नसत. रिक्षा मिळाली नाही, म्हणे लवकर निघ. चप्पल तुटली, म्हणे अनवाणी ये. एकाने सांगितलं, बाई, आमचं घड्याळ बंद पडलंय. त्याला म्हणाली, सूर्य चालू आहे ना? पण सगळ्यात जास्त वेळा यायचं ते एकच कारण, पाणी. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं, आणि किती वाजता येईल हे पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. ते भरायला घरात कोणीतरी थांबावंच लागतं, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा शाळेत जाणारं पोरच असतं. आई यावर ठरलेलं वाक्य बोलायची. ‘पाणी हे कारण नाही. पाणी रोज येतं. जे रोज येतं ते कारण कसं होईल?’

गणिताची बाई ती. तिला ते बरोबरच वाटायचं.

आम्ही राहायचो ठाकुर्लीला, चार मजल्यांच्या एका जुन्या इमारतीत. वॉचमन नाही, लिफ्ट नाही. खालची टाकी बारकी, म्हणजे पालिकेचं पाणी येत असतानाच पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. नाही चढवलं तर दिवसभर अख्खी बिल्डिंग कोरडी. आणि पंप लावून घरात जाऊन झोपावं म्हटलं तर तेही नाही. खालचं पाणी संपलं आणि मोटार कोरडी चालली की जळली. म्हणून तिथेच थांबायचं, टाकीत कान देऊन. हे काम एकेका घराने एकेक महिना करायचं, त्याला आम्ही पंपाची पाळी म्हणायचो. पाळी ज्या घराची, त्यांच्या दाराच्या खिळ्याला पंपाच्या खोलीची किल्ली. ऑटोमॅटिक बसवू या, असं दर मीटिंगला कोणीतरी म्हणायचं, मग चहा यायचा आणि विषय संपायचा.

बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं आमच्याच शाळेत. त्यामुळे ज्या घराची पाळी, त्या घरच्या पोराच्या डायरीत त्या महिन्यात लाल शिक्के. आणि शिक्का मारणारी तिसऱ्या मजल्यावरची बाई. जिन्यात लोक आईशी अदबीने बोलायचे, पण आमच्या घरी चहाला फारसं कोणी यायचं नाही.

आमची स्वतःची पाळी आली की काय व्हायचं? बाबा आंबिवलीच्या पुढे एका कारखान्यात, त्यांची पहिली पाळी, ते पहाटेच मोटरसायकल काढून जायचे. आई फाटक लावायचं म्हणून साडेसहाला स्कूटीवर निघायची. राहिले मी. मी पंप चालवायचे, कुलूप लावायचे, किल्ली खिळ्याला टांगायचे आणि पळत सुटायचे. कधी पोचायचे, कधी नाही. नाही पोचले की फाटकाच्या त्या बाजूला आई आणि या बाजूला मी. ती माझी डायरी हातात घ्यायची, नाव विचारायची, हो, नावही विचारायची, आणि शिक्का मारायची. घरी आल्यावर त्यावर एक शब्द नाही. सगळ्यांना जे, ते मलाही, हे तिचं म्हणणं. मला ते पटायचं नाही, पण सवय झालेली.

दहावीत मात्र सवय होऊन भागणार नव्हतं. त्या वर्षी ऐन सहामाहीत मला टायफॉइड झाला. आधी ताप, मग दवाखान्यात, मग अशक्तपणा, मग परत ताप. दिवाळीनंतर शाळेत गेले तेव्हा वर्गातल्या मुलींना मला ओळखायला वेळ लागला, इतकी वाळलेले. दहावीला बोर्डाची हजेरीची अट असते, पंच्याहत्तर टक्के. आमच्या वर्गशिक्षक सरांनी मला टेबलापाशी बोलावून सांगितलं की आजारपणाची जितकी सूट मिळते तितकी सगळी धरून झालेली आहे. आता वर्ग संपेपर्यंत एकही दिवस बुडवला नाहीस तर जेमतेम बसतेस. एक दिवस जरी गेला तरी यंदा परीक्षा नाही, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून. सर चांगले होते, त्यांनाच ते सांगताना वाईट वाटत होतं. मी मान हलवली, आणि मधल्या सुट्टीत मुतारीत जाऊन रडून आले.

नोव्हेंबर-डिसेंबर मी एकही दिवस चुकवला नाही. सर्दी-खोकला अंगावर काढला, मामेभावाच्या लग्नाला गेले नाही. आणि जानेवारीत पंपाची पाळी आमची.

त्यात पालिकेने कुठेतरी लाइनचं काम काढलेलं. पाणी उशिरा यायला लागलं. पहिल्याच आठवड्यात माझे दोन उशीर झाले. दोन्ही वेळा आईनेच शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी शिक्का मारताना तिचा हात जरा थांबला असं मला वाटलं, पण शिक्का बसला तो बसलाच. आता तिसरा बसला असता तर एक गैरहजेरी, आणि एक गैरहजेरी म्हणजे वर्ष गेलं. मी फाटकातून आत आले ती थेट वर्गात. आईकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की कोणाशी तरी पाळी बदलून घे. ती म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघू नाही, आत्ता चल, आणि तिला जवळजवळ ओढत तळमजल्यावर घेऊन गेले. तिथे एक काकू राहायच्या. डबे करायच्या, सकाळी त्यांची धांदल असायची. फेब्रुवारीची पाळी त्यांची होती. त्यांची मुलगी आठवीत, आमच्याच शाळेत, आणि मागच्या पाळीला तिचे तीन शिक्के झाले तेव्हा आईने काकूंना शाळेत बोलावून घेतलेलं. डबे अर्धवट टाकून त्या आलेल्या.

काकू मेथी निवडत बसलेल्या. आई दारातच उभी राहिली. माझ्या आईला कोणाकडे काही मागताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, ‘या महिन्याची किल्ली तुम्ही ठेवाल का? फेब्रुवारीत आम्ही करतो. हिच्या हजेरीचा प्रश्न आहे.’

काकूंनी मेथीची काडी मोडली. रागाने नाही बोलल्या त्या, अगदी साध्या आवाजात बोलल्या. ‘घेतली असती हो बाई. पण सकाळी मी डब्यांत असते, पंपाला माझी पोरगीच थांबणार. मग तिला उशीर झाला तर तिने सांगायचं काय? पाणी? ते तर कारण नाही ना होत.’

आई म्हणाली, ‘बरोबर आहे तुमचं.’ आणि वळून जिना चढायला लागली.

वर येऊन दार लागल्यावर माझा जो भडका उडाला तो उडाला. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. बिल्डिंगमध्ये एकही माणूस तू आपला ठेवला नाहीस, असं बोलले. सगळ्यांना जे ते मला, हे शाळेत ठीक आहे, पण घरात तरी तू माझी आहेस की नाहीस, असं बोलले. शेवटी ओरडले, ‘तू आई आहेस की फाटक आहेस?’

तिने ओट्यावरची भांडी घासायला घेतली. बाबा आतून आले, दोघींकडे बघितलं आणि परत आत गेले. त्यांनी कारखान्यात पाळी बदलून मागितलेली, साहेबाने नाही म्हटलेलं, त्यांच्या हातात आणखी काही नव्हतं. मी न जेवता अंथरुणात शिरले. मला तिचा खरंच राग आलेला, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मैत्रिणी कॉलेजात जातील आणि मी घरी बसून त्याच पुस्तकांना परत कव्हरं घालत असेन, हे सारखं डोळ्यांपुढे यायचं.

सकाळी उठले तर खिळ्याला किल्ली नव्हती. आई साडी नेसून, पर्स खांद्याला लावून तयार, आणि किल्ली तिच्या हातात. म्हणाली, ‘तू नीघ. चालत जा, घाई करू नकोस. डबा घेतलास?’ मला आधी कळलंच नाही. ‘आणि फाटक?’ असं मी विचारलं. ‘पीटीच्या सरांना कळवलंय,’ म्हणाली, आणि खाली गेली. मी जिना उतरले तेव्हा ती पंपाच्या खोलीच्या दारात, साडीचा पदर कमरेला खोचून, टाकीच्या झाकणाशी वाकून उभी होती. पाणी अजून आलेलं नव्हतं.

मी घंटेच्या आधी पोचले. मैदानावर वर्गाच्या रांगेत उभी राहिले. दहावीची रांग फाटकाच्या बाजूलाच असते. प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात, मी मिटले नाहीत. प्रार्थना अर्धी झाल्यावर स्कूटीचा आवाज आला. आई आली. शिपायाने लगबगीने छोटं दार उघडून धरलं. शिक्षकांना कोणी अडवत नाही, कधीच अडवलेलं नाही. आईने त्याला हातानेच ‘राहू दे’ अशी खूण केली, स्कूटी बाजूला लावली आणि उशिरा आलेल्या पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पोरं बावचळली. पुढचा एक मुलगा मागे सरकायला लागला, तिने त्याला खांद्याला धरून परत जागेवर उभं केलं. रांगेत पाचवीतली एक अगदी छोटी मुलगी होती. तिने मान वर करून विचारलं, ‘बाई, तुम्हाला पण उशीर झाला?’

आई म्हणाली, ‘हो गं.’

‘का?’

मैदानावर प्रार्थना संपून प्रतिज्ञा सुरू व्हायची होती, मधे जरा शांतता होती, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. आई म्हणाली, ‘पाणी.’

आजूबाजूच्या मुली खुसखुसल्या. मीही हसायला हवं होतं, काल रात्री मला हेच पाहिजे होतं. पण मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले आणि प्रतिज्ञा म्हटली नाही.

मग रोजचंच झालं ते. पूर्ण जानेवारी आई पंप चालवून यायची. कधी पाणी वेळेवर यायचं आणि ती माझ्यापाठोपाठ पोचायची. पण बहुतेक वेळा ती बाहेरच असायची, पोरांबरोबर, प्रार्थना संपेपर्यंत. शिक्षकांनाही उशिराची लाल रेघ असते, तीन रेघांना सीएलची एक रजा जाते. इतक्या वर्षांत तिच्या नावापुढे एकही रेघ नव्हती आणि तिला त्याचा केवढा तोरा होता. आता रेघांवर रेघा पडल्या. स्टाफरूममध्ये लोक काय बोलत असतील ते मला कळायचं, कारण वर्गात पोरं तेच बोलायची. फाटकबाईलाच फाटकाबाहेर काढलं, असं एकाने फळ्याजवळ म्हटलं. मी त्याच्या दप्तराला लाथ मारली. तो म्हणाला, काय झालं रे हिला.

महिना संपत आला तेव्हा एकदा मी तिला विचारलं. आमचं बोलणं तोवर ठीक झालेलं, म्हणजे कोणी माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही, तिने एक दिवस शेवग्याच्या शेंगांची आमटी केली आणि मी दोनदा मागून घेतली. तर मी विचारलं, ‘छोटं दार उघडं असतं ना तुम्हाला, मग बाहेर कशाला उभी राहतेस? लोक हसतात.’

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘छोट्या दाराने आत गेले, तर ते दोन दिवस मी तुला बाहेर कशाच्या जोरावर उभं केलं?’ आणि पुढची वही ओढली.

मी ताट घासायला उठले.

माझे उशीर दोनाचे तीन झाले नाहीत. वर्ग संपायच्या दिवशी सरांनी मला परत टेबलापाशी बोलावलं आणि म्हणाले, बसतेस. बस्स एवढंच. मी घरी येऊन सांगितलं तर बाबांनी खाली जाऊन जिलेबी आणली. आईने एक तुकडा खाल्ला आणि किल्ली घेऊन तळमजल्यावर गेली, पाळी संपली म्हणून काकूंना द्यायला. परत आली तेव्हा तिच्या हातात ताटलीभर मेथी होती. निवडलेली.

फेब्रुवारीत आम्हा दहावीवाल्यांना अभ्यासाची सुट्टी. हॉल तिकीट घ्यायला मात्र शाळेत बोलावलेलं, पहिल्या तासाला. मी वेळेत निघाले. वाटेत मला पंपाच्या खोलीपाशी काकूंची मुलगी दिसलेली, दप्तर पाठीला लावून टाकीत कान देऊन उभी. म्हणजे आज हिला उशीर, हे मला तिथेच कळलं. बाकी आई आता परत फाटकावर रुजू झालेली होती.

मी शाळेपाशी आले तेव्हा घंटा व्हायला थोडा वेळ होता. आत जाऊ शकले असते. पण मी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानापाशी थांबले, पेनं बघत. घंटा झाली. शिपायाने फाटक ओढलं. आई फाटकाच्या आतल्या बाजूला नेहमीच्या जागी नव्हती. ती बाहेर होती, शिक्क्याची पेटी काखेत धरून, उशिरा आलेल्या पोरांच्या ओळीत. फेब्रुवारीपासून तिने तसंच ठरवलेलं, हे मला माहीत नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत ती बाहेरच उभी राहिली.

नियम तिने बदलला नाही. काकूंची मुलगी धापा टाकत आली आणि म्हणाली, ‘बाई, पाणी…’ आई म्हणाली, ‘माहितीये. उभी राहा.’ आणि तिच्या डायरीत शिक्का मारला. मुलगी तिच्या शेजारी उभी राहिली. प्रार्थना सुरू झाली.

मी रस्ता ओलांडून त्या ओळीत गेले. आईने माझ्याकडे बघितलं. ‘तुला तर डायरी नाही आता,’ हळूच म्हणाली. ‘कारण काय?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘मुद्दाम थांबले.’

तिने शिक्क्याची पेटी दुसऱ्या काखेत घेतली, जरा सरकली आणि मला जागा केली.